लंडीखाना नावाचे स्टेशन

लासूर स्टेशन या गावाच्या नावातच एक गंमत आहे. दाक्षायणी देवीचे मूळ लासूर निराळे. निझामाच्या अमदानीत मनमाडहून औरंगाबादकडे रूळ आले, आणि स्टेशनाभोवती जी वस्ती, अडत व बाजारपेठ वाढली तिने ‘स्टेशन’ हेच आपले आडनाव म्हणून कायमचे लावून घेतले. गाडी थांबते म्हणून गाव आहे. पण गाडी थांबेनाशी झाली, स्टेशन मोडले आणि नाव तेवढे नकाशावर राहिले, तर त्या नावाचे काय होते? या फलाटावर बसलो की हा प्रश्न मला थेट खैबर खिंडीत नेऊन सोडतो.

1971 च्या युद्धात, 10 डिसेंबर रोजी, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते युद्धकैदी म्हणून रावळपिंडीच्या छावणीत दाखल झाले. तेथे भारतीय हवाई दलाचे बारा वैमानिक होते. परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी, मागे राहणाऱ्या सोबत्यांच्या मदतीने, कोठडीच्या विटांच्या भिंतीला आतून हळूहळू भगदाड पाडले आणि 1972 च्या 12–13 ऑगस्टच्या रात्री ते निसटले. पेशावर, जमरूद, लंडी कोतल असा प्रवास करून ते अफगाण हद्दीपासून सुमारे चार मैलांवर पोहोचले. तेथे त्यांनी लंडीखान्याचा रस्ता विचारला आणि घात झाला. इंग्रजांनी 1926 मध्ये लंडीखान्यापर्यंत नेलेली गाडी 1932 मध्येच बंद झाली होती. जुन्या नकाशावर स्टेशन होते, भूमीवर नव्हते. आणि चाळीस वर्षांपूर्वी मिटलेल्या स्टेशनाची चौकशी करणारे हे परके कोण, असा संशय तहसील कचेरीतील माणसाला आला. वेदान्ती नामरूपाला मिथ्या म्हणतात. येथे रूप केव्हाच लयाला गेले होते आणि उरलेल्या नामाने तिघांना पकडून दिले.

परंतु माझे मन गुंतते ते या फजितीत नव्हे, तिच्यामागच्या सुटकेच्या इच्छेत. समर्थ रामदास याच मराठवाड्यातील जांबचे. त्यांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशी चढण लावून दिली आहे. आधी बंध, मग त्या बंधाचा ताप, तापातून अनुताप, आणि अनुतापातून सुटकेची इच्छा, असा तो क्रम. युद्धकैद्याला हा क्रम लागू कसा करावा? त्याने पाप केलेले नाही, म्हणून त्याला अनुताप नाही. त्याचा बंधही दंड नव्हे. 1949 चा जिनिव्हा करार तर फसलेल्या पलायनाला केवळ शिस्तभंगाइतकीच शिक्षा मान्य करतो, म्हणजे कैद्याने पळू पाहावे हे जणू गृहीतच धरतो. शिवाय परुळकरांनी युद्धाच्या आधीच, आपण कधी पकडलो गेलो तर निसटण्याचा प्रयत्न करू, असे वरिष्ठांना बोलून दाखविले होते. म्हणजे ज्या मनुष्याच्या हातापायांत अजून बेडी पडायची होती, त्याची मुमुक्षा सिद्ध होती. साधनचतुष्टयात विवेक, वैराग्य, शमदमादि षट्क यांच्यानंतर मुमुक्षुत्व येते. येथे ते प्रथम आले आणि शमदमादि गुण मागाहून, भिंतीची माती पहारेकऱ्यांच्या नजरेआड करता करता, अंगी बाणवावे लागले. बंध हे मुमुक्षेचे कारण असेल तर कारणापूर्वी कार्य कसे, असा आक्षेप नैयायिक घेईल. मला तर वाटते की बंधाने मुमुक्षा उत्पन्न होत नाही, बंध तिला फक्त भिंत दाखवितो. आणि ज्याच्या ठायी ती मुळातच नाही तो उघड्या दारातही बसून राहतो. (बाजारपेठेत अशी माणसे रोज भेटतात, त्यांत मी स्वतःला वगळीत नाही.)

माझे एक व्यवहारी स्नेही म्हणतात, जरा दम धरला असता तर काय बिघडले असते? 1 डिसेंबर 1972 रोजी सर्वांना सोडलेच की! हा हिशेब बिनचूक आहे, पण तो डिसेंबरात मांडलेला आहे. ऑगस्टमध्ये सिमला करारावर सह्या होऊन महिना उलटला होता आणि सुटकेची तारीख कोणाच्याही हाती नव्हती. खरा बोचणारा प्रश्न दुसरा आहे: तिघे गेले, आणि कडक पहाऱ्याचा जाच मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आला, पुढे त्यांना लायलपूरला हलविण्यात आले. एकट्याचा मोक्ष इतरांच्या बंधात भर घालीत असेल तर तो धर्म्य म्हणावा काय? सोबत्यांनी जाणूनबुजून हातभार लावला होता, एवढे एक उत्तर मजजवळ आहे, आणि ते मला पुरते समाधान देत नाही.

आणि असत्याचे काय? परुळकर त्या प्रवासात फिलिप पीटर झाले होते. पकडले गेल्यावर आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत असे तिघांनी सांगितले आणि हवाई दलप्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना टेलिफोन लावण्याचा आग्रह धरला. हमीद पूर्वी त्याच कैदी छावणीचे प्रमुख होते. टेलिफोनवर कोण आहे हे ते तत्काळ उमजले. कबायली मुलखात, हेर ठरण्याच्या बेतात असलेल्या तीन शत्रूंचा जीव त्या क्षणी त्यांच्या एका वाक्यावर टांगलेला होता. आणि त्यांनी तेथील अधिकाऱ्याला कळविले की ही आपलीच माणसे आहेत, अटकेत ठेवा, पण मारहाण करू नका.