थट्टा आणि विचारपूस



शाळा सोडून कित्येक वर्षे झाली तरी जुन्या सोबत्यांची गाठ आता मोबाईलमुळे पुन्हा पडू लागली आहे. आमच्याही शाळेच्या सोबत्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. कोणी पुण्याला, कोणी आखाती देशात, तर कोणी गावातच शेती सांभाळून आहे. एरवी तेथे सुप्रभातची फुले आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा याखेरीज फारसे काही येत नाही. मागे एका संध्याकाळी एका मैत्रिणीने सर्वांना बोलावणे धाडले : “चला, जरा गंमत करू या. एक ते दहामधला आकडा सांगा. ज्याच्या वाट्याला जो प्रश्न येईल, त्याने त्याचे खरे उत्तर द्यायचे.”

प्रश्न साधेच होते. वर्गात सर्वांत जास्त मार कोणी खाल्ला? गिरडच्या सहलीत खिसाभर दगड कोणी गोळा केले होते? घरात सर्वांत आळशी कोण? तासाभरात गट जागा झाला. वर्षानुवर्षे ज्यांचे नाव दिसले नव्हते तेही उत्तरे देऊ लागले. आळशीपणाचा प्रश्न आमच्या एका मित्राच्या वाट्याला आला. त्याने लिहिले, “आता घरात मी एकटाच आहे, तेव्हा मीच आळशी.” त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक चेहरा आमचाही होता.

आठ दिवसांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले की, त्याची पत्नी तीन महिन्यांपूर्वी वारली होती.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आमचा हेतू वाईट नव्हता. आम्ही त्याची थट्टा केली नव्हती. मग आम्हांला इतके अपराधी का वाटावे?

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की, असले खेळच नकोत. मोबाईलवर पोरकट प्रश्न विचारण्यापेक्षा त्या वेळात जपमाळ करावी. जपमाळेचे मोल आम्ही जाणतो, पण ख्रिस्तसभेची शिकवण विनोदाच्या विरुद्ध नाही. तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ईश्वरविज्ञानाच्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांचा मुद्दाम विचार केला आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी गोष्ट देतात. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोकांना ते रुचले नाही. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, असे तुला सतत करता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले.

अक्विनास तेवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही आडवा येतो, त्याचेही चुकतेच, असे ते म्हणतात. मात्र विनोदाला ते मर्यादा घालतात. तो अश्लील किंवा कोणाला इजा करणारा नसावा, त्यात मनाचा तोल जाऊ नये, आणि तो माणूस, वेळ व जागा पाहून करावा. म्हणजे आमच्या मैत्रिणीने खेळ मांडला यात काहीच गैर नव्हते. चूक झाली ती पुढे.

ती कशी झाली हे उमगायला आम्हांला त्याच खेळातल्या गिरडची आठवण उपयोगी पडली. आपल्या वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात हे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जातात. टेकडीवर गोलसर दगड सापडतात. शास्त्राच्या दृष्टीने ते काळ्या खडकाच्या पोकळ्यांत साचलेल्या झिओलाइट जातीच्या खनिजांचे गोळे आहेत. लोककथा मात्र वेगळे सांगते. दोन फिरते व्यापारी माल घेऊन तेथून चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली आणि नारळांसकट त्यांचा सारा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा फकिराने वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. मग ते व्यापारी तेथेच सेवेत राहिले.

सहलीत हे ऐकून आम्ही खिसे दगडांनी भरले आणि हसलो. आता वाटते, ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना माणसाची चांगली पारख असावी. व्यापाऱ्यांच्या नजरेला समोर फक्त एक फकीर दिसला, हसण्याची एक सोय. त्याच्याकडे आपल्याला देण्यासारखे काही असेल असे त्यांना वाटलेच नाही. आम्हीही मित्राच्या वाक्याकडे हसण्याची सोय म्हणूनच पाहिले. त्याने जे दिले होते ते आमच्या हातात दगडासारखे पडून राहिले.

संत लूकलिखित शुभवर्तमानात आपल्याला असे दोन प्रश्न भेटतात. पहिला बाविसाव्या अध्यायात आहे. प्रभू येशूला पकडून ठेवणारे शिपाई त्याचे डोळे बांधतात, त्याला मारतात आणि विचारतात की, कोणी मारले ते ओळखून दाखव. हाही खेळच होता. लहान मुले आंधळी कोशिंबीर खेळतात तसाच, पण त्यात एकाच्या वेदनेवर बाकीच्यांची करमणूक चालली होती. उत्तर कोणालाच नको होते.

दुसरा प्रश्न चोविसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोन खिन्न शिष्यांना गाठतो आणि कशाविषयी बोलत आहात म्हणून विचारतो. त्यांना नवल वाटते : यरुशलेममध्ये राहून इतक्या मोठ्या घटना याच्या कानी कशा नाहीत? त्यावर प्रभू पुन्हा विचारतो, कोणत्या घटना? ज्याच्या हातापायांवर त्या घटनांच्या खुणा आहेत, तोच अजाणतेपणाने विचारतो! यात एक प्रेमळ खोडी आहे असे आम्हांला वाटते. पण त्या खोडीमुळे ते दोघे बोलते झाले. त्यांनी आपली भंगलेली आशा त्याच्यापुढे मांडली. प्रभूने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग समजावले, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर भाकरी मोडली.

दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवे होते की नव्हते, एवढ्यावरून त्यांची जात ठरते. आम्ही शिपाई नव्हतो हे खरे. पण आमच्या बोटाने हसरा चेहरा दाबला तेव्हा आम्हांलाही उत्तर नकोच होते. गंमत पुढे सरकायला हवी होती. पवित्र मिस्सेच्या आरंभी आपण केवळ केलेल्या पापांची नव्हे, तर जे करायला हवे होते आणि केले नाही त्याचीही कबुली देतो. आमचा दोष त्या दुसऱ्या प्रकारातला आहे. “आता” आणि “एकटाच” हे दोन शब्द आमच्या डोळ्यांसमोर होते. त्यावर “का रे?” एवढे विचारायला काही लागत नव्हते.

शेवटी आम्ही त्याला फोन केला. क्षमा मागितली. तो रागावला नव्हता. उलट म्हणाला, “खेळ होता म्हणून तेवढं तरी लिहिलं. एरवी कोण विचारते आता?” मग तो बराच वेळ पत्नीविषयी बोलत राहिला, आणि मध्येच तिची एक फजिती सांगून हसलाही. या वेळी त्याच्याबरोबर हसताना आम्हांला संकोच वाटला नाही.

त्याच्या त्या एका वाक्याने खेळाची बाजू घेतली आहे. सरळ विचारले तर “बरं आहे” म्हणून माणूस दार लावून घेतो. गमतीच्या प्रश्नाने ते दार थोडे किलकिले होते. म्हणून असे बोलावणे देणाऱ्याला नावे ठेवू नयेत. साधने येतात आणि जातात. २००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर आपल्यातील अनेकांनी जुने मित्र शोधले होते. ते २०१४ साली बंदही झाले. माणसाने माणसाची खुशाली विचारण्याची गरज मात्र उरतेच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात नव्या साधनांमुळे जुळणाऱ्या मैत्रीचे कौतुक केले होते. दूरच्या संपर्काचा ध्यास आपल्याला जवळच्या माणसांपासून तोडू शकतो, हेही त्यांनी बजावले होते.

तेव्हा या आठवड्यात आपण एक साधी गोष्ट करू या. गटावर एखादा गमतीचा प्रश्न अवश्य टाकू या. पण जितके प्रश्न विचारू तितकी उत्तरे दोनदा वाचू या. एखादे उत्तर अडखळल्यासारखे वाटले तर गटात न बोलता त्या व्यक्तीला फोन करू या. जो काहीच लिहीत नाही त्याचीही आठवण ठेवू या. आणि आज मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात जो एकटा उभा असेल, त्याच्याशी दोन शब्द बोलून मगच घराकडे वळू या.

अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांचे दुःख ऐकून घेणारा प्रभू आपल्या हसण्याला माया देवो आणि ऐकण्याला धीर देवो.