देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची मान

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



सतराव्या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ आणि तप यांचे तीन-तीन प्रकार सांगतात आणि मग दानावर येतात. विसाव्या श्लोकात सात्त्विक दान आहे : देणं हे आपलं कर्तव्यच आहे असं समजून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि जो आपली परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं. एकविसाव्यात राजस दान : परत काहीतरी मिळावं म्हणून, फळावर नजर ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेलं. ज्ञानेश्वर माउलींनी इथे फार घरगुती दाखले दिलेत. दुधावर डोळा ठेवून गाईला चारा घालणं, आहेरावर डोळा ठेवून सोयऱ्यांना आवतण देणं. वाचताना हसू येतं, कारण आपण सगळेच ओळखीचे वाटतो.

बाविसावा श्लोक तामस दानाचा. अवेळी, भलत्या जागी, भलत्याला दिलेलं, एवढं आपल्या लक्षात राहतं. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण वाचताना सहज ओलांडून जातो. आदर न ठेवता, समोरच्याला कमी लेखून दिलेलं दानसुद्धा तामसच. म्हणजे वस्तू चांगली, वेळ योग्य, माणूस गरजू, आणि तरीही दान घसरू शकतं.

आज हे तीन श्लोक मला आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या सेवा क्लबांच्या कामाशेजारी ठेवून वाचायचे आहेत.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा. सहा तालुके. सोयाबीन आणि तूर. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यात नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबादसोबत वाशीमही होता. बारावी झालेल्या मुलासमोर रस्ते मोजकेच असतात : पोलीस भरती, सैन्य भरती, एमपीएससी, नाहीतर पुण्याची गाडी. म्हणून पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर मुलं-मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. एकेका सेकंदाला किंमत. अशा वेळी चांगले बूट, रात्री दिवा चालू राहणारी अभ्यासिका आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका ही चैन नसते.

इथे सेवा क्लब कामाला येतात. १९०५ साली शिकागोत सुरू झालेलं रोटरी आणि १९१७ चं लायन्स यांचा साचा आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय. डॉक्टर, प्राध्यापक, वकील, कृषी केंद्रवाले, सराफ एकत्र येतात. जूनमध्ये वह्या-दप्तरं, लांबून येणाऱ्या मुलींना सायकली, निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार, मधे रक्तदान, नेत्रतपासणी, भरतीच्या सराव परीक्षा. दुकान बंद ठेवून रविवार देणारी ही माणसं आहेत. त्यांच्याबद्दल आधी आदर, मग प्रश्न.

प्रश्न असा. ओळखीतल्या एका मुलाला अशाच एका क्लबकडून पळायचे बूट मिळाले. कार्यक्रम झाला, बॅनर लागला, पाहुण्यांनी बूट हातात दिले, फोटो निघाला. नाव-गावासकट तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. पुढच्या वर्षी यादीत त्याचं नाव पुन्हा होतं, तर त्याने नको म्हणून सांगितलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बूट चांगलेच व्हते भाऊ. पण फोटो गावभर फिरला. मैदानावर पोट्टे म्हणतात, पाय रे, फुकटाचे बूट आले." आणि जुन्याच बुटांवर पळत राहिला.

कोणी त्याचा अपमान केला का? नाही. कोणाचा तसा हेतू होता का? अजिबात नाही. मग बाविसावा श्लोक इथे लागू होतो का?

आपलं ठरलेलं उत्तर असतं : भाव शुद्ध असला की झालं. मला हे पुरेसं वाटत नाही. फळाची इच्छा देणाऱ्याच्या मनात असते, ती त्याने स्वतः तपासावी. पण आदर ही दोन माणसांच्या मधे घडणारी गोष्ट आहे. मी मनात कितीही आदर ठेवला आणि समोरच्याची मान चारचौघांत खाली गेली, तर तो आदर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हे ऐकतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" तुझ्या मशीनवर चालतंय रे, पण वापरणाऱ्याकडे चालतंय का?

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट : फोटोच नको, सगळं गुप्तदान करा. ऐकायला छान आहे, पण क्लबला ते जमणार नाही, आणि जमूही नये. स्वतःच्या खिशातलं दान गुप्त ठेवता येतं. शंभर जणांची वर्गणी गोळा केली की हिशोब उघडाच लागतो. काम झालं हे दिसलं पाहिजे. ते बघून आणखी चार जण पुढे येतात, हेही खरं.

मग वाट कुठली? माझ्या कामातलाच एक नियम आठवतो. सिस्टीममध्ये काय घडलं याची नोंद, म्हणजे लॉग, ठेवावाच लागतो. लॉग नसेल तर बिघाड सापडत नाही. पण त्या लॉगमध्ये ग्राहकाचं नाव, फोन नंबर, खाते क्रमांक उघडे लिहायचे नसतात. ते झाकायचे असतात. व्यवहार दिसला पाहिजे, माणूस नाही. सेवेचा अहवालही असाच असू शकतो. बुटांच्या खोक्यांचा फोटो टाका, दुकानाचं बिल टाका, किती जोड दिले तो आकडा टाका. मुलाचा चेहरा त्याच्याकडेच राहू द्या. भरती झाल्यावर तो स्वतःहून सांगेल की बूट कोणी दिले होते. नाही सांगितलं तरी चालेल.

हेच मी एका सदस्य काकांना बोललो. त्यांनी शांतपणे विचारलं, "चेहरा नाही दिसला आणि वर्गणी कमी आली, तर? दहा जोड कमी पडले तर त्या दहा पोरांना काय सांगू?"

हा प्रश्न सोपा नाही. एकाचा मान राखायला दुसऱ्याने अनवाणी पळायचं का? मी बरेच दिवस यावर विचार केला आणि पुन्हा विसाव्या श्लोकापाशी आलो. चेहरा बघायची मागणी येते कुठून? क्लबला ती हौस नसते. ती देणगीदाराकडून येते, शहरात बसून पैसे पाठवणाऱ्याकडून. म्हणजे त्या दहा जोडांची किंमत मुलांनी का मोजायची? देणं कर्तव्य आहे असं मानणाऱ्याला बिल पुरतं, त्याला चेहरा लागत नाही. चेहरा बघितल्याशिवाय ज्याचा हात खिशात जात नाही, त्याचं दान एकविसाव्या श्लोकात बसतं, कारण त्याने फळ आधीच मागून घेतलं. सुधारणा तिथे हवी आहे. काकांना आपण म्हणू शकतो, "तुम्ही फोटो टाकू नका, माझी वर्गणी तरीही येईल." असं म्हणणारे दहा जण निघाले की काकांचा प्रश्नच सुटतो.

आता उरतो विसाव्या श्लोकातला सगळ्यात अवघड भाग : परतफेड करू न शकणाऱ्याला द्यावं. पण मग घेणारा कायमचा उपकाराखालीच राहणार का? आपल्या मातीत याचं उत्तर आहे. कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. दत्त परंपरेतली भिक्षा आठवा. तिथे झोळी पुढे करणाऱ्यासमोर देणारा वाकतो. घेणाऱ्याने घेतलं, म्हणून देणारा कृतज्ञ. आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा! ज्या गावात जायचे तिथे आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. कोणी पाया पडू लागलं तर पडू द्यायचे नाहीत. सेवा करताना आपण घेणाऱ्यापेक्षा वर उभे राहायचं नाही, हे त्यांनी सांगण्याआधी करून दाखवलं.

आणि परतफेड? ती मागे नाही, पुढे जाते. सेवा क्लबांच्या चळवळीलाही हे कळलेलं आहे. रोटरीने १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये तरुणांसाठी रोटरॅक्ट सुरू केलं, ते मुलांना वस्तू वाटायला नव्हे, तर मुलांनी स्वतः सेवा करावी म्हणून. आपल्याकडे हे फार साधेपणाने होऊ शकतं. अभ्यासिकेची किल्ली मुलांकडेच द्या. कुठली पुस्तकं आणायची ते त्यांना ठरवू द्या. कोणाला बूट हवेत हे मैदानावर पळणाऱ्यांना जितकं माहीत असतं, तितकं कुठल्याच समितीला नसतं. मागच्या वर्षी लेखी पास झालेल्याने यंदाच्यांना गणित शिकवावं. असं झालं की बूट घेणारा मुलगा फुकट्या राहत नाही, साखळीतली एक कडी होतो. त्याची मान आपोआप वर होते.

म्हणून मला वाटतं, योग्य माणूस शोधणं म्हणजे फक्त त्याची गरज तपासणं नाही. तो उद्या देणारा होणार आहे, असं समजून त्याच्याकडे आजच बघणं. तसं बघितलं की आदर वेगळा आणावा लागत नाही.

आजचा संकल्प : या आठवड्यात गावाकडच्या एखाद्या उपक्रमाला काही पाठवणार असाल, तर सोबत एक ओळ लिहा, "फोटो नको, बिल चालेल." आणि शक्य असेल तर पैशांसोबत रविवारचा एक तासही द्या. ऑनलाइन एखादा सराव पेपर सोडवून घ्या. तिथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे पंधरा मिनिटांत विसरायला होतं.

उद्या तेविसावा श्लोक, ॐ तत् सत् चा. कुठल्याही कर्माच्या आरंभी हे का म्हणायचं, ते बघू.

राम कृष्ण हरी.