जीर्णोद्धाराआधीचा कलश

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांच्या शेडमधले संगणक तरीही सुरू झाले, टॅलीत बिलं निघाली, सीएनसीवर जॉब उतरले.

पेच इथेच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त सहज पटतो, कारण फाटलेलं कापड डोळ्यांना दिसतं. इथे कापड धडधाकट आहे. शिंप्याने ठिगळ लावणं तेवढं थांबवलंय. चालती वस्तू टाकणं काटकसरीत वाढलेल्या लघुउद्योजकाला पाप वाटतं. त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था नाही म्हणून विंडोज 11 ने नाकारलेले कितीतरी संगणक अजून दणकट आहेत.

मग वणीकडे पाहावं. 2022 मध्ये सप्तशृंगी गडावरचं देवीचं मंदिर कित्येक आठवडे बंद होतं. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेकडो किलो शेंदूर उतरवला, खालचं रूप प्रकटलं आणि नवरात्रात दर्शन खुलं झालं. गडावर रीघ असताना दार लावून घ्यायला धाडस लागतं. जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीला हात लावण्याआधी देवतेचं तत्त्व कलशात आवाहन करून ठेवतात. बॅकअप हा शब्द फार नंतरचा! आणि जे सांधता येत नाही, त्या भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन करतात. देव्हाऱ्यात ठेवत नाहीत.

कारखान्यात काय ठेवायचं नि काय टाकायचं हा निवाडा करताना कसोटी एकच: बिघडलं तर भोगणार कोण? जून 2017 मध्ये नॉटपेट्या या संगणक-विषाणूची लागण युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. परदेशी जाणारी नाशिकची बरीच द्राक्षं याच बंदरातून जातात. त्या विषाणूने वापरलेल्या विंडोजमधल्या एका छिद्रावरचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर एप्रिल 2014 मध्येच संपला होता. तरी जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला एटीएमवरून ते हटवण्यासाठी बँकांना मुदती घालून द्याव्या लागल्या.

म्हणून ज्या संगणकावर बँक, जीएसटी, ई-वे बिल आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत, तिथे काटकसरीची सबब चालू नये. तिथली जोखीम मालकाची एकट्याची नाही. नवा संगणक घ्यावा, किंवा काम भागत असेल तर जुन्यावरच लिनक्स चढवावं. पैसे मोजून मायक्रोसॉफ्टकडून मुदतवाढही मिळते: उद्योगांना जास्तीत जास्त तीन वर्षं, पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. तेवढ्यात खरेदीची तजवीज होते, एवढाच तिचा उपयोग.

सीएनसीला जोडलेल्या जुन्या संगणकाचं मात्र वेगळं. मशीन वीस वर्षं टिकतं, सिस्टिम दहा. संगणक बदलला तर मशीनचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही. त्याला खुशाल ठेवावं, पण सोवळ्यात: नेटवर्कची वायर काढून, हार्डडिस्कची प्रत कपाटात ठेवून.

सोवळं मोडतं ते खिशातून. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा विषाणू तिथवर पोचला. तो पेनड्राइव्हवरून पसरू शकत होता. अंबडमध्येही जॉबचा प्रोग्राम पुष्कळदा पेनड्राइव्हनेच मशीनवर जातो. तोच पेनड्राइव्ह रात्री घरी पोराच्या लॅपटॉपला लागतो का, हे मालकाने ऑपरेटरला आज पाळी सुटायच्या आत विचारावं.