गोदामात अडकलेली गाणी

काळाच्या कसोटीला उतरेल तेच टिकतं, असं संगीताबद्दल बोलताना आपण सहज म्हणून जातो. हा समज दिलासा देणारा आहे, पण खोटा आहे. मागे पडलेल्या अल्बमांचा माग काढू लागलं की दिसतं, त्यांचं भवितव्य ठरलं ते वितरणाच्या करारात, कंपनीच्या गोदामात, नाहीतर कुणाच्या तरी कपाटात.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या ‘बिग स्टार’ या बँडची गोष्ट घ्या. नाव घेतलं होतं स्टुडिओजवळच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून. त्यातला अ‍ॅलेक्स चिल्टन सोळाव्या वर्षीच ‘बॉक्स टॉप्स’चा गायक म्हणून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेला. ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीव्हन्स या तिघांबरोबर त्याने जॉन फ्रायच्या आर्डंट स्टुडिओत ‘नंबर वन रेकॉर्ड’ हा अल्बम केला. गिटारची धार, गळ्यात गळा मिसळून गायलेल्या सुरावटी आणि सगळा ऐवज तीन-चार मिनिटांत: पॉवर पॉप म्हणतात ते हेच. १९७२ साली अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. मात्र तो विकायची जबाबदारी होती स्टॅक्स या कंपनीकडे. तिचा सगळा जम सोल संगीतात. गोऱ्या पोरांचा रॉक कुठल्या दुकानात ठेवायचा, हे तिला उमगलं नाही. पुढे स्टॅक्सने वितरण कोलंबिया या कंपनीकडे सोपवलं आणि जुनी साखळीही तुटली. लोक वाचून दुकानात जात आणि रेकॉर्ड नसे. पहिल्या फेरीत दहा हजारही प्रती खपल्या नाहीत.

बेल बँड सोडून गेला. १९७४ सालचा ‘रेडिओ सिटी’ हा दुसरा अल्बम दोन कंपन्यांच्या भांडणात चिरडला. तिसरा ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिला आणि १९७८ साली कसाबसा बाहेर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल मोटार अपघातात गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याचा एकल अल्बम निघाला तो १९९२ मध्ये. तोवर ‘आर.ई.एम.’ आणि ‘रिप्लेसमेंट्स’सारखे पुढच्या पिढीचे बँड ‘बिग स्टार’चं ऋण उघडपणे सांगू लागले होते. गाण्यांत कुठे उणीव होती म्हणून हे घडलं नाही. ‘रेडिओ सिटी’ आज ऐकताना त्या गिटारचा खणखणाट अंगावर येतो आणि वाटतं, इतकं सुंदर काम लोकांपर्यंत पोचू न देणं हा अन्यायच होता.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. निक ड्रेकचे तिन्ही अल्बम त्याच्या हयातीत जेमतेम खपले. १९७४ साली, सव्विसाव्या वर्षी तो गेला. पण त्याचा निर्माता जो बॉइड याने आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकताना अट घातली होती, की निकचे अल्बम कधीही यादीतून काढायचे नाहीत. पुढे हजारो लोकांना निक सापडला, कारण तो दुकानात मिळत होता. बॉइडनेच निर्माण केलेल्या वॅश्टी बनयनच्या ‘जस्ट अनदर डायमंड डे’ या लोकसंगीताच्या अल्बमला मात्र असं कवच नव्हतं. १९७० साली तो आला, कुणी ऐकला नाही, तिने गाणंच सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला आणि पुढचा अल्बम तिने केला २००५ साली. मधली पस्तीस वर्षं तिला कोण परत देणार?

पश्चिम आफ्रिकेत तर हा प्रश्न आणखी उघडा पडतो. डाकारच्या ‘ऑर्केस्ट्रा बाओबाब’ने क्यूबन ठेक्यात सेनेगलचे सूर मिसळले. मग बलाक्स या नव्या, वेगवान शैलीची लाट आली आणि हा संथ, रेशमी नाद मागे पडला, वाद्यवृंद विखुरला. बार्थेलेमी अ‍ॅटिसो हा त्यांचा अफलातून गिटारवादक टोगोला परतून वकिली करू लागला. १९८२ सालचं त्यांचं ध्वनिमुद्रण लंडनच्या वर्ल्ड सर्किटने १९८९ मध्ये ‘पायरेट्स चॉइस’ नावाने काढलं, आणि त्याच्या बळावर २००१ साली मंडळी पुन्हा एकत्र आली. घानाच्या अटा काकची गोष्ट याहून नाजूक. १९९४ सालची त्याची ‘ओबा सिमा’ ही कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ या अमेरिकन विद्यार्थ्याने २००२ मध्ये केप कोस्टला विकत घेतली. गायकाचा शोध लागेपर्यंत मूळ टेप खराब झाली होती. म्हणून २०१५ चं पुनःप्रकाशन त्या विकत घेतलेल्या कॅसेटवरूनच करावं लागलं.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जन्मायच्या आधी त्याच जातीचा नाद इथे उमटला होता. रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा काढली एका डच लेबलने. आपलं संगीत दरवेळी बाहेरच्या माणसानेच उचलावं, याची मला खंत वाटते. त्याहून मोठी खंत ही, की तोवर बरेच कलावंत म्हातारे झालेले असतात.

तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात देण्याआधी एकदा चाळा. पोवाडे, भीमगीतं, भजनी मंडळं, छोट्या कंपन्यांनी काढलेलं काहीही. गायकाचं, वादकांचं, कंपनीचं नाव आणि साल लिहून ठेवा. टेप चालत असेल तर डिजिटल प्रत करून घ्या. तुमच्याकडची प्रत शेवटचीही असू शकते.