‘जन्मसिद्ध हक्क’ : एका घोषणेची घडण

‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे वाक्य लोकमान्य टिळकांच्या नावावर आहे. त्यातले ‘स्वराज्य’ आणि ‘जन्मसिद्ध हक्क’ मात्र दोन वेगळ्या वाटांनी आले आहेत.

मराठ्यांच्या दप्तरात स्वराज्य हा शब्द मुलूख आणि महसूल यांच्याशी जोडलेला होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा आणल्या. तिथे स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींचा मूळ प्रदेश. रयतेने कारभार करण्याचा प्रश्न त्या सनदेत नव्हता. तो अर्थ पुढे आला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हे ध्येय सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमधले स्वशासन होते.

‘जन्मसिद्ध हक्क’ ही कल्पना इंग्रजी राजकीय विचारातली. इंग्रज ज्या हक्कांचा अभिमान बाळगत, तेच हिंदी माणसालाही जन्माने मिळालेले आहेत, असा दावा इथल्या कायदेपंडितांनी केला. माझगावचे, केंब्रिजमध्ये शिकलेले बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा हे त्यांपैकी एक. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते. घोषणेची मूळ शब्दरचना त्यांचीच, असे अनेक जण मानतात. टिळकांशी असलेली त्यांची जवळीक पाहता ते सहज पटण्यासारखे आहे.

लीगच्या प्रचारासाठी टिळक बेळगावनंतर नगरला आले. ३१ मे आणि १ जून १९१६ या दोन दिवशी त्यांनी इथे भाषणे केली. ‘परकीय’ कोणाला म्हणायचे, हा त्यातला सर्वांत मोलाचा मुद्दा. धर्म किंवा कातडीचा रंग यांवरून परकेपण ठरत नाही. या देशाच्या हिताशी ज्याचे हित जुळलेले नाही, तो परका, असे त्यांनी मांडले. दाखला दिला तो श्रोत्यांच्या घरचाच. नगरवर राज्य केलेले मुसलमान राजे इथेच राहिले आणि इथले उद्योगधंदे चालावेत असे त्यांना वाटे, म्हणून ते परके नव्हेत. निजामशाहीच्या राजधानीत केलेल्या या मांडणीने स्वराज्याचा अर्थ जुन्या सनदेपलीकडे नेला. हक्क जन्माचा म्हटला, की त्यात इथे जन्मलेला प्रत्येक जण येतो.

सरकारने बेळगाव आणि नगरच्या या भाषणांवरच बोट ठेवले. २३ जुलै १९१६ ला टिळकांची साठी साजरी होत असतानाच, वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, अशी नोटीस त्यांच्यावर बजावण्यात आली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने निकाल विरुद्ध दिला. मुंबई उच्च न्यायालयात बॅ. जिनांनी टिळकांची बाजू मांडली. भाषण सुटे तुकडे काढून नव्हे, तर सलग वाचले पाहिजे, असे न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांच्यासमोरच्या या प्रकरणात मानले गेले आणि ९ नोव्हेंबरला हमीचा हुकूम रद्द झाला. स्वराज्याची मागणी उघड सभेत करण्याला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

हे वाक्य प्रथम नेमके कुठे उच्चारले गेले, याबद्दल बेळगाव, नगर आणि डिसेंबर १९१६ ची लखनौ काँग्रेस अशी तीन ठिकाणे सांगितली जातात. नगरकर अर्थातच आपल्या शहराचे नाव घेतात. टिळक त्या काळात हाच विचार सभेमागून सभेत मांडत होते, तेव्हा एकच सभा निवडून काढण्यात फारसे हशील नाही. १९१७ मध्ये नाशिकला लीगच्या वर्धापनदिनीही त्यांच्या भाषणाचा गाभा तोच होता.