आरशामागचा हिशेब

आमच्या सांगलीच्या घरी आजीची फणेरपेटी आहे. शिसवी लाकडाची, झाकणावर कमळ आणि दोन बाजूंना दोन पोपट कोरलेले, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आजीला ती तिच्या आजीकडून मिळाली होती. गेल्या दिवाळीत मी ती पॉलिशवाल्याकडे नेली. त्याने झाकण उघडून विचारलं, "मूळ रूपात आणायची ना?" मी हो म्हणालो. त्या 'हो'चा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

ज्यांनी फणेरपेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा असतो. खालच्या कप्प्यांत फणी, काजळाची डबी, मेण आणि कुंकवाचा करंडा. कोरडं कुंकू कपाळावर टिकत नाही, म्हणून आधी मेणाचं बोट लावायचं आणि वर कुंकू दाबायचं. देवपूजेआधी रोज हे व्हायचं. चैत्रगौरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करंडा बाहेर बैठकीत यायचा.

आमच्या पेटीत आरसा नाही. १९८६ साली आजोबा गेले, तेव्हा आजी चाळिशीत होती. त्या दिवसांत घरातल्या कुणीतरी आरसा काढून टाकला. कुंकू नाही तर आरसा कशाला, असा तो हिशोब असणार. आजीने पेटी मात्र टाकली नाही. करंड्याच्या कप्प्यात सुयादोरा आला, फणीच्या जागी चष्मा, मेणाच्या जागी रक्तदाबाच्या गोळ्या. आणि आरसा निघाल्यावर जे कोरं लाकूड उघडं पडलं, त्यावर ती पेन्सिलीने दुधाचा हिशेब लिहू लागली. ओळीखाली ओळ, काही पुसलेल्या, काही त्यांच्यावरच पुन्हा लिहिलेल्या.

पॉलिशवाला म्हणाला, "हे घासून काढतो, नवा आरसा बसवतो. किंमतही वाढेल."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'मूळ' आवृत्तीला परत जाणं ही रोजची गोष्ट आहे, पण त्यासाठी कुठली आवृत्ती ते आधी सांगावं लागतं. सुताराने घडवली ती पेटी मूळ, की आजीने जवळजवळ पस्तीस वर्षं वापरली ती? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी अडकित्ते, दिवे, करंडे बघत तासन्‌तास घालवले आहेत. तिथलं कोरीवकाम बघून आपण हरखतो. पण करंडा कुणाच्या हातून कुठल्या दिवशी काढून घेतला गेला, हे कोरीवकामात दिसत नाही. आरसा बसवून चकचकीत केलेली आमची पेटीही असंच गोड खोटं बोलली असती.

म्हणून मी पेटी तशीच परत आणली. रिकामी चौकट राहू दे, हा पुरावा आहे, असं आईला ऐकवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, तोही सांगितला. हेरवाड आमच्यापासून लांब नाही.

आईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पुरावा तुला हवाय. आईंना आरसा हवा होता."

तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आजी खिडकीच्या काचेत बघून वेणी घालायची. एकदा आईने बाजारातून हातआरसा आणून दिला, तर "आता कशाला गं" म्हणत घेतला आणि उशीखाली ठेवला.

मी विचार करत होतो तो वस्तूच्या प्रामाणिकपणाचा. ती चौकट रिकामी ठेवण्यात सत्य होतं, हे मी आजही म्हणेन. पण ज्याने अन्याय सोसला त्याची जखम आपल्या बोधासाठी उघडी ठेवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? आणि ती झाकायची, तर आजीने त्या रिकाम्या जागेत स्वतःचं जे उभं केलं तेही घासून टाकायचं का?

तोड आईनेच काढली. पॉलिशवाल्याला तिने बजावलं, लाकूड घासायचं नाही, आरसा वरून बसवायचा, आणि स्क्रूने, डिंकाने नाही.

आता पेटी आईच्या खोलीत असते. आरशात आई दिसते. मागे दुधाचा हिशेब आहे, ज्याला बघायचा असेल त्याने चार स्क्रू काढायचे.