लांडगा सर्वांचा, वासरू एकाचे

गोलानच्या पठारावर गुरे पाळणारा माणूस सकाळी रानात जातो आणि रात्री जन्मलेले वासरू फाडलेले पाहतो, तेव्हा त्याला निसर्गाच्या समतोलाची गोष्ट सांगणे सोपे नाही. लांडगा मारावा की राखावा हा वाद तेथे कित्येक वर्षे चालू आहे. आपण अश्दोद किंवा लोदच्या फ्लॅटमध्ये बसून चटकन लांडग्याची बाजू घेतो. आपले काय जाते? वासरू आपले नसते.

इस्राएलात १९५५ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याने लांडग्याला अभय आहे. तरीही गोलानवर सरकारी परवान्याने लांडगे मारले गेले आहेत. राइखमन व साल्ट्झ या संशोधकांनी २००५ साली या लांडग्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच त्यांनी या प्राण्याला नामशेष होऊ घातलेला आणि उपद्रवी अशी दोन्ही विशेषणे एकदम लावली आहेत.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. मिश्नेत, बाबा मेत्सियाच्या सातव्या अध्यायात, राखणदाराची जबाबदारी ठरवताना लांडग्याचाच दाखला आहे. एकच लांडगा आला तर ती दैवी आपत्ती धरली जात नाही. राखणदाराने त्याला हुसकावायला हवे होते. दोन आले तर मात्र त्याचा इलाज नव्हता, त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही. किती व्यवहारी विचार आहे पाहा! माणसाने आपल्या बळाइतके झटावे. त्यापलीकडचे त्याच्या माथी मारू नये.

आता एका लांडग्याइतके कर्तव्य म्हणजे काय? विणाऱ्या गाई घराजवळच्या कुंपणात आणणे, चांगले राखणीचे कुत्रे ठेवणे, आणि मुख्य म्हणजे मेलेले जनावर उघड्यावर न टाकणे. फुकटच्या मढ्यांवर लांडगे आणि कोल्हे पोसले जातात, वाढतात, आणि मग त्यांच्या वाढीची तक्रार होते. एवढे जो करीत नाही त्याचे रडगाणे मला ऐकवत नाही.

पण जो हे सर्व करतो, त्याचे काय? मिश्नेतल्या मेंढपाळाचा हात मोकळा होता. आजच्या गुरेवाल्याचा हात आपण कायद्याने धरला आहे. ज्याने हात धरला त्याने नुकसानीचा वाटा उचलायला नको का? कोकणात आपल्या शनिवार तेल्यांच्या घाण्याचा बैल वाघाने नेला असता, तर वाघ ही देशाची संपत्ती आहे एवढ्या बोलण्याने घाणा फिरला नसता.

या भांडणात तिसरा पक्ष हरणाचा आहे. येथले डोंगरी हरीण म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद. २०१७ पासून ते जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. लांडगा हरणे खातो, म्हणून हरणांसाठी तरी लांडगे मारा, असे सांगितले जाते. माणसाच्या उकिरड्याने शिकारी प्राणी वाढले असतील तेथे या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण हरणे मोटारीखाली मरतात, चोरट्या शिकाऱ्यांच्या गोळीने मरतात, मोकाट कुत्रे त्यांना फाडतात, आणि मोकळे रान तर दरवर्षी आटत चालले आहे. या सर्वांना सोडून एकट्या लांडग्याला फाशी देताना हरणाचे नाव पुढे करून कोणी वासराचा सूड तर घेत नाही ना, हे विचारावेसे वाटते.

विष घालणाऱ्याला मात्र माझ्याकडे माफी नाही. विषाला लांडगा आणि गिधाड यांतला फरक कळत नाही. मे २०१९ मध्ये गोलानवर विषबाधेने ८ गिधाडे मेली. तेव्हा त्या भागात ती जेमतेम वीसच्या आसपास होती.

महाराष्ट्रात लांडग्याने मेंढरू नेले तर वनखाते भरपाई देते. पण कळप घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगराला पंचनाम्यासाठी थांबणे परवडत नाही. तेव्हा भरपाई द्यायची तर वेळेवर द्यावी, खेपा घालायला न लावता द्यावी, आणि ती आपणा शहरवाल्यांच्या करातून द्यावी. ज्याने मेलेली गाय ओढ्यात फेकली असेल, त्याला मात्र एक अगोराही देऊ नये.